गाडी नुसती 'टक' करतीय? आधी बॅटरी बदला, मग बॉनेट उघडा

किल्ली फिरवली, 'टक' एवढाच आवाज आला आणि इंजिन ढिम्म. आतले दिवे लागतायत, हॉर्न वाजतोय, गाणी चालू आहेत, एसीचा पंखा तोंडावर गरम हवा फेकतोय, फक्त गाडी चालू होईना. तर मंडळी, अशा वेळी निदान एकच करायचं, बॅटरी गेली. दुसरं काही असूच शकत नाही. बॅटरी मागच्या दिवाळीला घेतलेली असली तरी गेली म्हणजे गेली. हे सांगायला शिक्षण लागत नाही, रस्त्यावरून जाणारा कुणीही सांगू शकतो आणि न विचारता सांगतोच.

बॉनेट शक्यतो उघडू नका. उघडावंच लागलं तर बॅटरीच्या प्लसवर जे लाल टोपण असतं ते अजिबात वर करायचं नाही. त्याच्याखाली पांढरट हिरवट भुकटी साठलेली असते, कुठं कुठं निळसर पण असते. बॅटरीतल्या ॲसिडची वाफ शिशाला आणि तांब्याला लागून ते क्षार होतात. असू दे. मे महिन्यात सोलापुरात एवढीच हिरवळ बघायला मिळते, ती कशाला खरवडायची.

टर्मिनल, म्हणजे बॅटरीच्या खांबाला केबल आवळलेली असते तो सांधा, हातानं हलवून बघू नका. समजा हललं, तर काय करणार? ते आवळायला बहुतेक गाड्यांना दहा नंबरचा पाना लागतो आणि तो कुणाच्याच गाडीत नसतो. डिकीत गड्ड्याच्या जत्रेतनं आणलेला फुटका फुगा असतो, शेंगा चटणीची पिशवी असते, छत्री असते (सोलापुरात!), पाना नसतो.

सेल मारत राहा, म्हणजे किल्ली फिरवून स्टार्टर फिरवत राहा. ही फार महत्त्वाची टिप आहे. दहा-दहा सेकंद दाबून धरा, मधे थांबायचं नाही, बाजूचा म्हणतोय "अजून एकदा मारा" तर अजून एकदा मारा. याचा फायदा असा की थोड्या वेळानं चांगली बॅटरी पण खरंच उतरते आणि तुमचं निदान खरं ठरतं.

बॅटरीत पाणी किती आहे ते बघायला झाकणं काढून तोंडात विडी धरून आत वाका, आत हायड्रोजन असतो, त्याला ठिणगी लई आवडते.

दुसऱ्या गाडीवरनं जंपर केबल लावायची असेल तर लाल-काळा असला भेदभाव पाळू नका.

आता गर्दीचं बघू. गर्दी बोलवावी लागत नाही, बॉनेट वर गेलं की येते. परवा नवी पेठेत आमच्या बाबतीत हेच झालं. लग्नाचा बस्ता बांधून आलो, मागच्या सीटवर सासूबाई, बायको आणि साड्यांचे गठ्ठे, बाहेर ४३ डिग्री, आणि नवी पेठेत गाडी लावायला जागा कशी मिळाली होती ते सोलापूरकरांना सांगायला नको. किल्ली फिरवली, टक. पाच मिनिटात आठ-दहा तज्ज्ञ जमा. एक म्हणतोय फ्युएल पंप, एक म्हणतोय सेन्सर, एक जण काहीच न बघता "ईसीएम, गाडीचा कॉम्प्युटर, गेलंय साहेब, पंधरा-वीस हजाराला बसतंय" म्हणून निघून गेला. सासूबाई आतनं विचारतायत, "ह्या अमावस्येला लिंबू-मिरची बदलली नव्हती का हो जावईबापू?" मागं रिक्षावाला हॉर्न मारून मारून सांगतोय, "काढ की बे गाडी, काय प्रदर्शन लावलाय काय?" जशी काय मी हौसेनं उभी केलीय.

शेवटी धक्का. दुसरा गिअर, क्लच दाबून धरा, ढकला, सोडा क्लच, आणि झाली की गाडी चालू! लगेच सगळ्यांचा एकच जल्लोष, "बघा, म्हटलं नव्हतं? बॅटरीच!" आता धक्क्यानं गाडी चालू होते तेव्हा इंजिनला पहिलं फिरवणारी स्टार्टर मोटर वापरातच येत नाही, चाकं इंजिन फिरवतात, इग्निशनला आणि पंपाला थोडाच करंट लागतो आणि तेवढा सडक्या टर्मिनलमधनं पण जातो. म्हणजे धक्क्यानं एवढंच कळतं की भानगड बॅटरीपासनं स्टार्टरपर्यंत कुठंतरी आहे. बॅटरी, टर्मिनल, केबल, इंजिन ते बॉडी जोडणारी अर्थिंगची पट्टी, स्टार्टरला करंट जोडणारा स्विच म्हणजे सोलेनॉइड, यातलं काहीही. पण हे नवी पेठेत उन्हात कोण ऐकणार.

आता सगळ्यात मोठी टिप. थेट बॅटरीच्या दुकानात जा. कुठलं ते नाव घेत नाही, घ्यायची गरज पण नाही, तुमच्या घराजवळचं असेल ते तसंच असतंय. तिथला पोरगा बॉनेट उघडतो, बॅटरीवरची तारीख लांबनं बघतो आणि डॉक्टरनं नाडी सोडावी तसा हात झटकून म्हणतो, "बॅटरीचा सेल डेड हाय साहेब." मी म्हटलं व्होल्ट मोजायचा मीटर लावून बघ की. तर म्हणे "मीटर कशाला, आवाजावरनंच कळतंय आपल्याला." आवाजावरनं! टक या एका आवाजावरनं! अरे ती टक तर सोलेनॉइडची आहे, बॅटरी उतरली तरी टकच येतं, टर्मिनल ढिलं असलं तरी टकच येतं, अर्थिंगची पट्टी सडली असली तरी टकच येतं, ह्याला त्यातनं नेमका बॅटरीचाच सूर ऐकू आला. आणि का येणार नाही, टर्मिनल घासायचे किती घेणार, पन्नास? शंभर? नवी बॅटरी म्हणजे पाच हजाराच्या आसपास, वर जुनी भंगाराच्या भावात पदरात. मग त्यानं पाना घेतला आणि आधी प्लस खोलला. मायनस जोडलेलाच. पाना बॉडीला टेकला, चर्रर्र करून ठिणगी उडाली, पोरगा हसतोय, "होतंय असं कधी कधी." आधी मायनस काढायचा आणि लावताना मायनस शेवटी लावायचा, हे असल्या ठिणगीसाठीच सांगितलेलं असतं. नवी बॅटरी बसवली, पण क्लॅम्प, म्हणजे खांबावर केबल धरणाऱ्या पकडी, तेच, आतनं पांढरे झालेले. घासले का? नाही. एक क्लॅम्प सैल होता, तर खिळ्याएवढा पत्र्याचा तुकडा त्यात कोंबला आणि पान्याच्या दांड्यानं वरनं ठोकला. ठोकला! शिशाच्या खांबावर! वरनं भसाभस ग्रीस फासलं, म्हणजे आतलं काही दिसायला नको. गाडी फुर्रकन चालू झाली, कारण क्लॅम्प हलवला-ठोकला की थोडा वेळ कनेक्शन लागतंच. "झालं काम, वॉरंटी कार्ड सांभाळा साहेब." जुनी बॅटरी मागच्या ढिगात गेली पण. मी बिल दिलं, सासूबाईंनी दुकानाच्या दारात लिंबू उतरून टाकलं, सगळे खूश.

आठवडा झाला नसेल, जुळे सोलापुरात घराखाली, सकाळी पुन्हा टक.

आता नव्या बॅटरीला पण सेल डेड म्हणा, आहे काय त्यात. त्या दुकानात फोन केला तर म्हणे, "साहेब तुमच्या गाडीतच फॉल्ट असणार, बॅटरी नवी हाय." हे मात्र पटकन कळलं त्याला.

मग विजापूर रोडला एक वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, त्यांना बोलावलं. मामांनी आधी मीटर काढला. बॅटरीच्या दोन खांबांवर १२.६ व्होल्ट. भरलेली. मग मीटरची एक सुई खांबावर, म्हणजे शिशाच्या गोळ्यावर, आणि दुसरी त्याच खांबावर बसलेल्या क्लॅम्पवर धरली आणि मला म्हणाले सेल मारा. तिथं जवळपास शून्य यायला पाहिजे, कारण दोन्ही एकमेकाला चिकटलेले. आले चार व्होल्टच्या वर. म्हणजे बॅटरी देत होती आणि मधल्यामधे तो सडका सांधा खात होता. हात लावून बघा म्हणाले, क्लॅम्प कोमट लागत होता.

हे सोलापूरकराला तरी समजायला अवघड जाऊ नये. टाकी काठोकाठ भरलीय पण पाइपात क्षार साठलेत, तर थेंब थेंब येणाऱ्या धारेखाली तांब्या भरतो, आंघोळ होत नाही. हेडलाइटला दहाएक अँपिअर लागतात, स्टार्टरला शंभर, दीडशे, कधी त्याच्या पण वर. सांध्यात नुसता ०.०५ ओहमचा अडथळा असला तर दहा अँपिअरला अर्धा व्होल्ट जातो, दिव्यात फरक पण दिसत नाही. शंभरला पाच व्होल्ट तिथंच जिरतात, मग स्टार्टर काय डोंबल फिरणार. म्हणून दिवे लागतात आणि गाडी लागत नाही.

मामांनी मायनस काढला, मग प्लस, गरम पाण्यात खायचा सोडा कालवून क्लॅम्प धुतले (सोडा बॅटरीच्या आत जाऊ द्यायचा नाही), पुसले, पॉलिश पेपरनं खांब आणि क्लॅम्प चमकेपर्यंत घासले, तो पत्र्याचा तुकडा माझ्या हातात दिला, सैल क्लॅम्प बदलला, आवळला, आणि मग वरनं व्हॅसलीन. इंजिन ते बॉडी जी अर्थिंगची पट्टी असते ती पण बघितली. गाडी चालू करून परत मीटर, १४.१. आल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा डायनामो, ठीक. चालू इंजिनवर टर्मिनल उपटून "डायनामो चार्जिंग करतोय का बघतो" असलं त्यांनी काही केलं नाही, त्यानं ईसीएम उडू शकतं, मग नवी पेठेतल्या त्या माणसाचे पंधरा-वीस हजार खरे होतात.

"जुनी बॅटरी कुठाय?" मामांनी विचारलं. मी काय सांगणार.

बास झाल्या आता टिपा. हसायला येत नाहीये मला. अरे साधा डिजिटल मीटर दोन-चारशे रुपयाला मिळतो, हजारो रुपयाच्या बॅटऱ्या विकणाऱ्या दुकानात तो नसतो म्हणजे काय? असतो, ड्रॉवरमधे असतो, काढायचा नसतो. गिऱ्हाइकाबरोबर बाईमाणूस आहे, ऊन आहे, घाई आहे, हे बघायचं आणि पाच हजाराचं बिल फाडायचं, याला धंदा म्हणत नाहीत. सोलापूरच्या उन्हात बॅटऱ्या लवकर मरतात हे खरंय, रोज चार-दोन खरंच मेलेल्या तुमच्याकडं येत असतील, म्हणून जिवंत पण पुरायच्या काय? चांगल्या बॅटऱ्या भंगारात जातात तुमच्यामुळं. आणि तुम्ही, बॉनेटभोवती जमणारे, तुम्हाला माहीत नसेल तर गप उभं राहायला काय होतंय? धक्का द्या, उपकार होतील, पण निदान करू नका. सासूबाईंना काही बोलत नाही, त्यांचं लिंबू निदान पाच रुपयात तरी आलं.

आणि वाचताय तुम्ही पण, आज संध्याकाळी ऊन उतरलं की गाडी बंद करून बॉनेट उघडा. लाल टोपण वर करा. क्लॅम्प हातानं पिळून बघा. हलला तर आवळा, भुकटी दिसली तर वर सांगितलंय तसं धुवा. दहा नंबरचा पाना डिकीत टाका, ती छत्री काढा. आणि दुकानात गेलात तर मीटर लावल्याशिवाय पाना लावू देऊ नका. बॅटरी बंद गाडीत १२.४ च्या वर दाखवत असेल आणि सेल मारताना खांबावर दहाच्या खाली जात नसेल तर बॅटरीवर ढकलू नका, कनेक्शन बघा म्हणा. दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे.

आणि दुकानवाल्या दादांनो, मीटर काढायचा, आकडा गिऱ्हाइकाला दाखवायचा, टर्मिनल घासून बघायचं, तरी नाही झालं तर विका की बॅटरी, कोण नको म्हणतंय. तेवढं जमत नसेल तर दुसरं काहीतरी विका.