काका, पण कपडे?

परवाच्या रविवारी एरंडवण्यातल्या एका बंगल्याच्या पोर्चमध्ये मला माझ्याच वॉशिंग मशीनला हात लावू दिला नाही. आधी म्हणाले, "मॅडम, ग्रीस आहे तिथे." ग्रीस मला दिसत होतं. कढयांची बुडं घासण्यात जन्म चाललेल्या बाईला ग्रीसचं काय कौतुक? मग म्हणाले, "शॉक बसेल." प्लग माझ्या हातात होता.

मशीन सासूबाईंचं. सेमी-ऑटोमॅटिक, शेजारी शेजारी दोन टब, नव्वद सालानंतर कधीतरी घेतलेलं. मूळ रंग बदामी की पांढराच पिवळा पडलाय, यावर घरात एकमत नाही. घरात नवं मशीनही आहे, पण त्यात गोधडी घातली की ते एक अक्षर आणि एक आकडा दाखवून रुसून बसतं. त्यामुळे गोधड्या, पायपुसणी, पडदे आणि सासूबाईंच्या सुती साड्या हे सगळं खातं जुन्याकडे. त्याचा ड्रायर बिघडला. नुसता हुंकार द्यायचा, फिरायचा नाही. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने मशीन न उघडताच सांगितलं, "स्पेअर येत नाहीत आता, भंगारात द्या." तेवढ्यात नवऱ्याने फोनवर आलेला निरोप वाचून दाखवला: जुन्या वॉशिंग मशीनचे शौकीन रविवारी जमणार, आपलं मशीन घेऊन या, सगळे मिळून दुरुस्त करू. फुकट. वाचून दाखवण्यापुरताच त्याचा सहभाग, कारण रविवारी त्याला 'कॉल' होता. मी छोटा हत्ती ठरवला. टेम्पोवाला दोरी बांधता बांधता म्हणाला, "मॅडम, भाडंच मशीनपेक्षा जास्त होतंय बघा." मला ते माहीत होतं, पण सकाळी सकाळी ऐकायचं नव्हतं.

पोर्चमध्ये वीसेक पुरुष आणि सात-आठ मशीन. हे प्रमाण बघून मला वाटलं, दुपारपर्यंत गोधडी दोरीवर. सुरुवातीला एका दाढीवाल्या तरुणाने छोटंसं भाषण केलं. दुरुस्तीचे असे मेळावे 2009 साली अॅमस्टरडॅममध्ये मार्टिने पोस्टमा या पत्रकार बाईंनी सुरू केले, वस्तूच्या मालकाने शेजारी बसायचं, बघायचं, हातभार लावायचा, म्हणजे पुढच्या वेळी त्याचं तो करू शकेल, वगैरे. मला हे पटलं. मी खुर्ची ओढून मशीनशेजारी बसले. एका काकांनी मला अगदी अदबीने उठवलं आणि खुर्चीवर आपली हत्यारांची पेटी ठेवली.

काकाच म्हणते, कारण त्यांनी नाव सांगितलंच नाही. निवृत्त झाले तेव्हाचं पद सांगितलं. चिंचवडच्या कुठल्याशा कारखान्यात टूलरूम सांभाळलेला माणूस. खिशाला टेस्टर, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा, आणि अंगात पांढराशुभ्र, कडक इस्त्रीचा शर्ट. ग्रीसच्या कामाला पांढरा शर्ट घालून कोण येतं, याचा उलगडा मला नंतर झाला.

"गिअरबॉक्स ओरिजिनल?" काकांचा पहिला प्रश्न.

"माहीत नाही काका. ड्रायर फिरत नाहीये."

"ते बघू हो. गिअरबॉक्स कोणी उघडलाय का कधी?"

"नाही. ड्रायर..."

"आणि हे काय आहे?" काकांचं बोट टायमरवर. त्या टायमरचं मूळ बटण कधीच तुटलं होतं. मग बरीच वर्षं आम्ही तो पकडीने फिरवत होतो. यात लाजण्यासारखं काही आहे असं मला अजूनही वाटत नाही. त्या काळच्या कितीतरी मराठी घरांत मशीनवर एक पक्कड कायम मुक्कामाला असायची. गॅसची नळी घट्ट करायची असो की दादाच्या सायकलची चेन बसवायची, "पक्कड कुठाय?" याला उत्तर एकच, "मशीनवर बघ." पुढे नवऱ्याने तिथे जुन्या मिक्सरचं बटण बसवलं. आमच्या लग्नानंतर त्याने स्वतःच्या हाताने केलेली ही एवढीच दुरुस्ती, त्यामुळे ती घरात सन्मानाने जपलेली. काकांनी ते बटण पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. बटणावर एक, दोन, तीन असे मिक्सरचे वेग छापलेले होते.

"मॅडम," काका डोळे न उघडताच म्हणाले, "माझा मुलगा कोलोरॅडोत असतो."

पुण्यात वाक्य असं सुरू झालं की ऐकणाऱ्याने बसून घ्यावं. माझी खुर्ची पेटीखाली होती.

तर कोलोरॅडोत ईटन नावाचं गाव आहे. तिथे ली मॅक्सवेल या गृहस्थांनी वॉशिंग मशीनचं संग्रहालय केलंय, हजाराच्या वर मशीन. लाकडी पिंपांची, हाताने फिरवायची, पायाने हलवायची, तांब्याच्या टबांची. काकांना मुलाने एका रविवारी नेऊन आणलं. तिथे एकाही मशीनला मिक्सरचं बटण नव्हतं, हे काकांनी दोनदा सांगितलं.

"सूनबाई पण आल्या होत्या?" मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

"नाही, तिची रविवारी लाँड्री असते."

हे वाक्य काकांच्या तोंडून इतक्या सहज गेलं की आजूबाजूच्या कोणाच्या कानाला ते लागलंसुद्धा नाही. मला लागलं. पण काका तोवर आयोवा राज्यातल्या न्यूटन गावात पोचले होते. तिथली मेटॅग ही मूळची शेतीची अवजारं करणारी कंपनी. शेतीचा हंगाम संपला की कारखान्याला काम नसायचं, म्हणून 1907 साली त्यांनी कपडे धुण्याचं यंत्र काढलं. पुढे 1922 साली त्यांनी घुसळणारा पंखा झाकणाला टांगायचा सोडून टबच्या तळाशी बसवला, आणि सगळा धंदाच बदलला. "तुमच्या टबच्या तळाशी ती चकती फिरते ना, पल्सेटर, तिची ही आजी!" काका म्हणाले. खेड्यात वीज नव्हती, तर मशीनखाली पेट्रोलवर चालणारं इंजिन दिलं. आणि इंजिन आहेच म्हणून वरून जोडायला मांस किसायचं यंत्रही दिलं, आणि लोणी काढायचं भांडंही.

"लोणी? पायमोज्यांच्या टबात?"

"अहो बाई, भांडं वेगळं असतं ते!" काका एकदम दुखावले. त्यांच्या घराण्याबद्दल मी काही बोलले असते तरी इतका राग आला नसता.

खरं सांगते, गोष्ट ऐकायला मजा येत होती. हंगाम नाही म्हणून बसलेल्या लोहारांनी बायकांचं काम हलकं केलं, हे ऐकून मला बरंच वाटलं असतं, ड्रायर फिरत असता तर. मी घड्याळ पाहिलं. गोधडी बरोबर आणली होती, ओली, पिशवीत, चाचणीसाठी. पिशवीखाली पोर्चच्या फरशीवर तळं झालं होतं आणि येणारा-जाणारा प्रत्येक शौकीन त्या तळ्याकडे बघून माझ्या मशीनची गळती शोधत होता.

अखेर रोगनिदानाला सुरुवात झाली आणि लगेच दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं कॅपॅसिटर गेलाय: मोटर हुंकार देते पण सुरुवातीचा धक्का मिळत नाही, त्यामुळे फिरत नाही. दुसरा तट ब्रेकवाला. निवाडा कसा करायचा, तर हाताने टब फिरवून बघायचा. मोकळा फिरला तर कॅपॅसिटर, जाम असला तर ब्रेक. एकेक जण पुढे येऊन टब हलवून बघायचा आणि "जाम आहे" असं गंभीरपणे सांगून मागे जायचा.

मी म्हटलं, "अहो, झाकण उघडं आहे. झाकण उघडं असलं की तो जामच असतो. ब्रेक लागलेला असतो. झाकण लावा आणि मागून बघा."

कोणी वळूनही बघितलं नाही. दर आठवड्याला मी ते झाकण उघडते, मिटते. उघडलं की टब थांबतो, मिटलं की आत तार ओढली जाते, ब्रेक सुटतो, टब मोकळा होतो. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही, ओल्या चादरी उपसता उपसता हाताला कळलेलं आहे. पण हाताला कळलेल्या गोष्टीला त्या पोर्चमध्ये भाव नव्हता. बऱ्याच वेळाने, कॅपॅसिटर काढून, तपासून, तो ठणठणीत निघाल्यावर, काकांनी चष्मा नाकावर चढवला आणि जाहीर केलं, "एक मिनिट. झाकण उघडं आहे. झाकण उघडं असताना ब्रेक लागलेलाच असणार! झाकण लावा, मागून बघू!"

टाळ्या पडल्या. खरोखरीच्या टाळ्या. दाढीवाल्याने "वा काका, अनुभव बोलतो!" असंही म्हटलं. मी पिशवीतलं पाणी कुंडीत ओतलं.

मागचं पत्र्याचं झाकण उघडलं तर ब्रेकची तार गंजून तुटलेली. एवढंच. ब्रेक सोडवणारं कोणी नाही, म्हणून मोटर बिचारी जागच्या जागी कण्हत होती. कुठल्याही गल्लीतल्या मेकॅनिकने लुनाच्या ब्रेकची तार घालून चहा पिऊन होईपर्यंत मशीन चालू केलं असतं. मी तसं सुचवलंही. लुनाचं नाव काढताच काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मिक्सरचं बटण परत आठवू लागले. मग शोध सुरू झाला. तपकीर गल्लीतल्या ओळखीच्या दुकानदाराला फोन, त्याचा रविवार, त्याच्या भावाला फोन. तेवढ्या वेळात रिकाम्या हातांना काम हवं म्हणून चौघांनी मशीनच्या अंगाला गाडीचं पॉलिश लावायला घेतलं. दोघांनी मिक्सरचं बटण काढून कागदात गुंडाळून माझ्या हातात दिलं.

तोवर काकांच्या पांढऱ्या शर्टावर पोटाशी ग्रीसचा तळहाताएवढा डाग पडला होता. मी सवयीने म्हटलं, "काका, घरी गेल्यावर लगेच त्याला भांड्यांचा साबण चोळा. आणि डाग निघाल्याशिवाय गरम पाण्यात घालू नका."

"हो हो, टाकीन ना घरी."

"तुमच्याकडे मशीन कोण लावतं?"

"लावायचं काय त्यात? बटण दाबलं की लागतं."

"दाबतं कोण?"

काका क्षणभर थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर प्रामाणिक आश्चर्य होतं. आपल्या घरात बटण दाबलं जातं ही घटना त्यांनी कधी समोरून पाहिलीच नसावी. "ही दाबते," ते म्हणाले.

आता यात हसण्यासारखं आहे खरं, पण मला हसू आलं नाही. त्या पोर्चमधली वीस माणसं मोटरचे फेरे, पल्सेटरचा कोन, रबरी सीलची जाडी यावर तासन्‌तास भांडत होती. कॉलर आधी ब्रशने घासायची असते, खिसे उलटे करून बघायचे असतात, वाणसामानाची यादी खिशात राहिली तर तिचा लगदा काळ्या पँटवरून वेचायला अख्खी दुपार जाते, हे त्यातल्या कितींना ठाऊक होतं? या जुन्या मशीनमध्ये पिंपातून जड, ओले कपडे उचलून शेजारच्या टबात टाकणारे हात माणसाचेच लागतात. कपडे चहूबाजूंनी सारखे दाबावे लागतात, नाहीतर मशीन धाड धाड करत न्हाणीघराच्या दारापर्यंत चालत येतं. वर प्लॅस्टिकची जाळी ठेवावी लागते, नाहीतर रुमाल उडून टबाच्या बाहेरच्या फटीत जातो आणि तिथून तो काढायला परत तीच बाई पालथी पडते. निचऱ्याची नळी खाली टाकायची, पाणी गेलं की वर अडकवायची. कंबर धरून हे सगळं केलेल्या एका बाईला तिथे कोणी काही विचारलं नाही. चहा कोणी केला हेही विचारू नका. तो आतून आला. देणारा हात पडद्याआडून दिसला, बांगड्यांसकट.

तार मिळाली. कुणाच्या तरी घरी, बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, एका मेलेल्या मशीनमधून काढून ठेवलेली. ओरिजिनल. काकांनी ती अशी बसवली की सासूबाईंचं मंगळसूत्र ओवणाऱ्या पटवेकऱ्यानेही मान डोलवावी. झाकण मिटलं, टायमर फिरवला आणि ड्रायर असा काही फिरला की सगळा पोर्च दणाणला. फोन वर झाले, व्हिडिओ निघाले. पॉलिशने अंगही झळकत होतं, आणि रंग बदामीच निघाला, म्हणजे सासूबाईंचं खरं होतं.

मी धावत पिशवी आणली आणि गोधडी बाहेर काढली.

"हे काय?" काका मध्ये उभे राहिले.

"गोधडी. चाचणी घेऊ या ना."

"मॅडम, एवढं सगळं केल्यावर आता तुम्ही यात कपडे धुणार?"

चेष्टा नव्हती. बाकीचेही माझ्याकडे त्याच नजरेने बघत होते. तार जुनी आहे, सील जुनं आहे, पाण्याच्या क्षारांनी खराब होईल, महिन्यातून एकदा नुसतं, रिकामं, पाच मिनिटं फिरवा, म्हणजे मोटर मोकळी राहील. काकांनी मला हे सगळं कागदावर लिहून दिलं आणि खाली सही केली.

घरी आणून मी त्यात गोधडी धुतली. उत्तम पिळून निघाली. मिक्सरचं बटण परत बसवलंय, तीन नंबरवर फिरवलं की पूर्ण पाच मिनिटं.

काल संध्याकाळी काकांचा घरच्या फोनवर फोन आला. पुढच्या मेळाव्यात आपलं मशीन मांडायचं ठरलंय, तरी आठ दिवस आधीपासून वापर बंद ठेवून टब आतून कोरडा करून ठेवावा. फोन सासूबाईंनी घेतला होता. "न्या की हो, आनंदाने न्या," त्या म्हणाल्या, "आठ दिवसांचं धुणंही बांधून ठेवते बरोबर. वाळवून, घड्या घालून आणून द्या. सुती साड्यांना खळ विसरू नका."

आज सकाळी नवऱ्याने ग्रुपवर आलेला काकांचा निरोप वाचून दाखवला: 'काही मालकांचं सहकार्य मिळत नाही.' खाली सतरा जणांनी अंगठा दाखवलाय. त्यातला एक आमच्या घरातला आहे.