आधी शाळा, मग घर, मग लग्न

लग्न ठरलं रे ठरलं की लोक हॉल बघायला धावतात. चूक इथूनच सुरू होते. हॉल एका दिवसाचा, शाळा तेरा वर्षांची. तेव्हा आधी शाळा बघा. मूल झाल्यावर शाळा शोधू आणि शाळा मिळाल्यावर घराचं पाहू, अशा निवांत स्वभावाची माणसं पुण्यात फार झाली आहेत. सकाळी सहा वीसला ती सोसायटीच्या गेटवर, एका खांद्याला दप्तर आणि दुसऱ्या खांद्यावर झोपेतलं मूल घेऊन उभी असतात. त्यांच्यात मीही असतो. सल्ला देण्याचा माझा अधिकार एवढाच.

पहिली गोष्ट तारखेची. नर्सरीला 31 डिसेंबरपर्यंत तीन वर्षं पूर्ण लागतात, पहिलीला सहा. म्हणजे 2 जानेवारीला जन्मलेलं पोर दोन दिवसांपायी वर्षभर मागे राहतं आणि आजी पुढची दहा वर्षं त्याचा दोष डॉक्टरांना देते. नाडी जुळते का हे बघणाऱ्या गुरुजींना एवढंही विचारून घ्या. त्यांच्याकडे पंचांग असतंच.

आता घर. पुण्यात घर शोधताना ध्यानात ठेवायचं ते असं, की जिथे शाळा असते तिथे घर परवडत नाही आणि जिथे घर परवडतं तिथे शाळा 'प्रस्तावित' असते. हा शब्द ब्रोशरमध्ये जॉगिंग ट्रॅक आणि ज्येष्ठ नागरिक कट्टा यांच्या मधे कुठेतरी सापडेल. सॅम्पल फ्लॅट दाखवणारा टायवाला मुलगा तुम्हाला बाल्कनीत नेतो आणि बोट दाखवतो, "सर, ती समोर दिसतेय ना, ती स्कूलची जागा." समोर ज्वारी दिसते. तुम्ही मान डोलवा. ज्वारीही डोलतेच आहे.

विकास आराखड्यातच शाळेचं आरक्षण आहे असं कुणी छातीठोक सांगितलं तर जास्तच निर्धास्त राहा. 1966 च्या नगररचना कायद्यात सोय आहे. दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली गेली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर ठरावीक मुदतीत कुणी हललं नाही तर आरक्षण आपोआप गळून पडतं. न हलण्यात आपल्या यंत्रणांचा हात कोण धरणार? मग ज्वारीच्या जागी फेज टू उभा राहतो. त्याच्या ब्रोशरमध्येही प्रस्तावित शाळा असते, फक्त आता एक शेत पलीकडे. शहराच्या वाढीची दिशा कळण्याचा यापेक्षा सोपा मार्ग मला तरी माहीत नाही. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं पुणे महापालिकेत आली. वाघोली आली, सूस-म्हाळुंगे आलं, नऱ्हे आलं, मांजरी आली. पाठोपाठ मिळकतकराची बिलं आली, पाणी टँकरनं येतं, शाळा येते आहे.

घाबरू नका, आकडे तुमच्या बाजूनं आहेत. समजा, शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर कोथरूडकडचा टू बीएचके 1 कोटी 30 लाखांना आहे आणि तेवढाच फ्लॅट रिंगरोडच्या रेघेजवळ 80 लाखांना. फरक 50 लाखांचा. साडेआठ टक्के दरानं वीस वर्षांसाठी या 50 लाखांचा हप्ता 43 हजार 400 च्या आसपास बसतो. लांबचं घर घ्या, हा हप्ता वाचवा, त्यातून दीड लाख फीची शाळा परवडेल, बस परवडेल, शिवाय शनिवारी मॉलमध्ये जाऊन मुलाला आपण किती वाचवलं ते दाखवता येईल. घर बायकोच्या नावावर केलंत तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, म्हणजे 80 लाखांवर 80 हजार. स्त्रीसक्षमीकरण झालं आणि दोन गणवेश, स्पोर्ट्स शूज, ब्लेझर निघालं. (ब्लेझर लागतंच. मे महिन्यातल्या ओरिएंटेशनलाही लागतं.)

मग तो 50 लाखांचा फरक भरतं कोण? अहो, लेकरू भरतं. जाताना एक तास वीस मिनिटं, येताना तेवढीच, आणि त्या दिवशी भूमकर चौकात काही उलटलं नसेल तर. शाळेचे दिवस 200 धरले तर वर्षाला 533 तास झाले. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीसाठी वर्षाला 800 तास शिकवण्याचं बंधन घातलंय. म्हणजे मास्तरांना मिळतात त्याच्या दोन तृतीयांश तास बसवाल्या काकांना मिळतात, आणि तेही विनाबंधन. पहिली ते दहावीची बेरीज रात्रंदिवस मोजली तर 222 दिवस भरते. पालकसभेला जाताना वर्गशिक्षिकेला फुलं नेतो तशी काकांनाही न्यायला हवीत. पोरं चौकांची नावं, शिव्या आणि नव्वदच्या दशकातली गाणी त्यांच्याकडूनच शिकतात, आणि त्यातलं काहीही विसरत नाहीत.

इथे एखादा भोळा वाचक विचारेल की एवढ्या लांबच्या शाळेत असं काय आहे? त्याला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगावं, 'क्राउड'.

हा शब्द नीट शिकून घ्या, कारण सगळा व्यवहार याच्यावर चालतो. शाळा पाहून आलेल्या आईबापांना गणित कसं शिकवतात हे विचारू नका. ते त्यांनी पाहिलेलंच नसतं. ते पार्किंग बघून आलेले असतात. "शाळा कशी वाटली?" या प्रश्नाला पुण्यात एकच उत्तर आहे, "क्राउड चांगलं आहे." घराबद्दलही हेच. "सोसायटी कशी आहे?" "क्राउड चांगलं आहे." म्हणजे शाळेत बाकावर शेजारी कोण बसेल आणि लिफ्टमध्ये शेजारी कोण उभं राहील, याची आपण आगाऊ वर्गणी भरतो. घराचं कर्ज ही एक चाळणी, फी दुसरी. दोन्हींतून जे खाली पडतं त्याला क्राउड म्हणत नाहीत. त्याला गर्दी म्हणतात.

चाळणीचं काम शाळाही करतात, मात्र कायद्याच्या चौकटीत राहून. प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापाची चाळणी परीक्षा घेतली तर पहिल्या वेळी 25 हजारांपर्यंत आणि पुढे प्रत्येक वेळी 50 हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, असं 2009 चा हाच शिक्षण हक्क कायदा म्हणतो. म्हणून मुलाखत कुठेच होत नाही. फक्त संवाद होतो. संवादात तुम्हाला विचारतात, राहायला कुठे, स्वतःचं की भाड्याचं, आई घरी असते का? देणगीही बंद झाली आहे, विकासनिधी चालू आहे. उत्तरं देताना पत्ता नुसता गावाच्या नावानं सांगू नका. 'पिसोळी' म्हणू नये, 'एनआयबीएम अ‍ॅनेक्स' म्हणावं. गावाला अ‍ॅनेक्स, एक्स्टेंशन किंवा न्यू लावलं की चौरस फुटाला दर चढतो हे बिल्डरला कळलं, मग आपण का मागे राहायचं?

याच कायद्यानं एक घोटाळा मात्र करून ठेवला आहे. खासगी विनाअनुदानित शाळांत 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना. इतकी मेहनत करून जमवलेल्या क्राउडमध्ये चौथा हिस्सा फुकटचा! पण चिंता नको, अर्जाची रचना करणाऱ्यांनी तुमची काळजी घेतली आहे. शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असेल तर प्राधान्य. नकाशावर आपलं घर लाल बलून सरकवून दाखवायचं. पत्र्याच्या खोल्यांच्या मधल्या बोळात तो बलून नेमका टेकवणं हीच खरी प्रवेशपरीक्षा. पुरावा म्हणून भाडेकरार चालतो, पण नोंदणी केलेलाच. आता जरा मजा बघा. आर्थिक दुर्बल म्हणून अर्ज करायचा तर वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत हवं, म्हणजे महिन्याला 8 हजार 333. आणि चांगल्या शाळेच्या एक किलोमीटर परिघात, नोंदणीकृत करार करून देणाऱ्या मालकाकडे, 8 हजार 333 कमावणाऱ्यानं भाड्यानं राहायचं. तिथे तेवढ्या पैशांत दुचाकीचं पार्किंग मिळेल. या कोड्याचं उत्तर सापडलं तर मला कळवू नका, कुणीतरी ते बंद करेल.

तसा प्रयत्न झालाच होता. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारनं नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला 25 टक्क्यांतून सूट. शेजारी चांगली-वाईट कशीही शाळा आहे ना, मग जा की तिकडे. मे महिन्यात उच्च न्यायालयानं स्थगिती दिली आणि जुलैमध्ये तो बदल रद्दच केला. क्राउडला तेवढे दोन-तीन महिने फार बरं वाटलं होतं.

भाड्यानं राहणाऱ्यांसाठी वेगळा सल्ला. करार अकरा महिन्यांचा, शाळा तेरा वर्षांची. दर अकरा महिन्यांनी मालकाच्या भाच्याचं लग्न ठरतं आणि त्याला घर हवं असतं. भाडं दहा टक्के वाढवलंत तर लग्न मोडतं. शाळेच्या जवळ राहायचं म्हणून एका कुटुंबानं सहा वर्षांत चार घरं बदललेली मी पाहिली आहेत. सगळी एकाच शाळेभोवती, देवळाला प्रदक्षिणा घालावी तशी. पोराला विचारलं, "तुझं घर कुठे?" ते म्हणालं, "शाळेजवळ." बरोबरच होतं.

पूर्वी लोकांना एवढं कळत नव्हतं. चिपळूणकर-टिळकांनी जानेवारी 1880 मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढली ती पेठेत, पोरं होती तिथेच. बॉक्स क्रिकेट नाही, एसी बस नाही, पोरं चालत यायची. आता त्या पोरांची पणतवंडं वाकड-रावेतला गेली. वाडे पडले, त्यांच्या जागी झालेल्या इमारतींत वन बीएचकेचा दर ऐकून पणतवंडांनी कानाला खडा लावला. मुंबईतही हेच. गिरगाव-परळच्या चाळींतली मराठी कुटुंबं डोंबिवली, बदलापूर, विरारला पांगली आणि मागे मराठी शाळांचे मोठमोठे वर्ग उरले, लाकडी बाकांसकट. पोरं विरारला, बाक गिरगावात. दोघांच्या मधे लोकल आहेच.

एक धोक्याची सूचना. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीबद्दल कुणी बोलू लागलं तर विषय बदला. तिथल्या जिल्हा परिषदेच्या, होय, जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रवेशासाठी बाहेरगावचे लोक प्रतीक्षायादीत उभे राहिले. बिल्डर नाही, ब्रोशर नाही, क्लब हाउस नाही. नुसती शाळा बरी केली तर माणसं वाडीकडे येतात, ही बातमी बाजारात पसरली तर आपल्या 80 लाखांचं काय होईल? सुदैवानं शासन सावध आहे. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा प्रस्ताव 2023 मध्ये आलाच. अशा शाळा राज्यात चौदा हजारांच्या वर निघाल्या. वाडीतल्या पोरांनाही बसमध्ये बसायला शिकवायचं. आपलीच पोरं का म्हणून मागे राहावीत, असं त्यांना वाटायला नको.

आता शेवटचं, आणि हे फक्त तुम्हाला म्हणून सांगतो. आमच्या सोसायटीच्या गेटसमोर, रस्ता ओलांडला की, एक शाळा आहे. सरकारी. आता रंगही दिलाय, भिंतीवर पाढे आणि एक जिराफ आहे. आम्ही साडेतीनशे फ्लॅटवाले सहा वर्षं तिच्यासमोर उभं राहून बसची वाट बघतो. आत कसं शिकवतात हे आमच्यापैकी कुणीही बघितलेलं नाही, कारण आत गेलं आणि चांगलं निघालं तर काय करायचं, हा प्रश्न एकदा सोसायटीच्या मीटिंगनंतर चहा घेताना निघाला होता. कुणीतरी लगेच टँकरच्या बिलाचा विषय काढून आम्हाला वाचवलं.

सबंध सोसायटीत चालत शाळेत जाणारं मूल एकच आहे. आमच्या वॉचमनची मुलगी, तिसरीत. आमची बस सुटते तेव्हा ती केबिनमागच्या खोलीत झोपलेली असते. दहाला दहा कमी असताना ती वेणी घालून निघते, रस्ता ओलांडते आणि घंटा व्हायच्या आत जिराफाखालून आत जाते. मी हे कधी बघितलं म्हणाल, तर लेकाला ताप आला म्हणून एकदा रजा घेतली होती. रजा शक्यतो घेऊ नका. आणि डबा रात्रीच भरून ठेवा, काका दोन मिनिटांच्या वर थांबत नाहीत.