फुकटच्या थीमबद्दल तक्रार करायचीच नाही?

नमस्कार काका. डिफॉल्ट थीमबद्दल मी तक्रार केली, त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: साइट चालवायचं वर्डप्रेस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्याच्याबरोबर येणारी डिफॉल्ट थीम, म्हणजे साइटच्या रंगरूपाचा साचा, पसंत नसेल तर दुसरी लावा, नाहीतर अपडेट करूच नका. रडगाणं कशाला?

अपडेट टाळायचा सल्ला कृपा करून कुणालाच देऊ नका. सुरक्षेची भोकं त्यातच बुजवली जातात. थीमच्या फाइलीत थेट हात घातला तर पुढच्या अपडेटला सगळं पुसलं जाणार, चाइल्ड थीम, म्हणजे मूळ थीमवर बेतलेली आपली वेगळी थीम, करावी, हे तुमचं अगदी मान्य.

पण ‘दुसरी लावा’ हे बोलायला सोपं. थीम बदलली की विजेट, म्हणजे साइडबारमधले छोटे तुकडे, अडगळीत जाऊन पडू शकतात आणि ‘अॅडिशनल सीएसएस’मध्ये लिहिलेले रंगरूपाचे आपले नियम जुन्या थीमपाशीच राहतात. जानेवारी 2022 मध्ये वर्डप्रेस 5.9 बरोबर ट्वेन्टी ट्वेन्टी-टू आली, ब्लॉकवर, म्हणजे पानाच्या सुट्या ठोकळ्यांवर, उभी असलेली पहिली डिफॉल्ट थीम. ती लावली की मेनूतून रंगरूप बदलायचं ‘कस्टमाइज’ही सहसा गायब. इथे इंदुरात रामबागेतले एक नाना मंडळाची साइट सांभाळतात. “अरे, साइडबार कुठे गेला?” म्हणून त्यांचा फोन. त्यांना काय सांगू, कोड शिका म्हणून? डिफॉल्ट थीम वापरतात ती अशीच माणसं.

आणि माझी खरी तक्रार रंगरूपाची नाहीच, देवनागरीची आहे. ट्वेन्टी ट्वेन्टी-फोर या नंतरच्या डिफॉल्ट थीममध्ये मथळ्यांना कार्डो, मजकुराला इंटर हे फॉन्ट. दोन्हींत देवनागरी नाही. मग ब्राउझर हाताला लागेल तो फॉन्ट उचलतो, मोबाइलवर एक, कंप्यूटरवर दुसरा. मथळा दोन ओळींचा झाला आणि ओळींतलं अंतर रोमनच्या मापाचं असलं की वरचा उकार खालच्या वेलांटीवर आदळतो. सगळ्यात वाईट लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर. इंग्रजी मेनू कॅपिटलमध्ये ठेवून अक्षरं जरा सुटी करायची डिझाइनरांना हौस. आपल्याकडे कॅपिटल नाहीत, त्यामुळे नुसती फट उरते. शिरोरेघ तुटते आणि ‘मुखपृष्ठ’चं ‘मु ख पृ ष्ठ’ होतं. ही काय आवडीनिवडीची गोष्ट झाली?

राहिला फुकटचा मुद्दा. या थीम उघड्यावर, गिटहब या कोडच्या साइटवर घडतात, कुणीही चूक दाखवावी अशी सोय असते. म्हणजे तक्रार करणं हा त्या कामाचाच भाग. न बोलता थीम बदलत बसलो तर पुढची थीमही तशीच यायची.

जाता जाता, तुमची साइट आत्ताच मोबाइलवर पाहिली. ‘आमच्याविषयी’ची शिरोरेघ तुटलीय. मेनूचं लेटर-स्पेसिंग शून्य करा, आणि बदल चाइल्ड थीममध्येच करा.