बाई की कूलर? ‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

स्पष्टवक्ताभाऊ, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचून तीन दिवस झाले. पहिल्या दिवशी उत्तर लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी मलाच ते खोडावं लागलं असतं, म्हणून थांबले. आज डोकं थंड आहे असं वाटतं. बघू किती वेळ राहतं.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी आधी सांगते. मुलाला सांभाळायला बाई कशी शोधली, यावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर हे लिहितात: “ताई, लेख वाचून वाटलं की तुम्ही बाई शोधायला नाही, कूलर घ्यायला निघाल्या होत्या. टाकी किती, आवाज किती, गॅरंटी किती. पंधरा प्रश्न तुम्ही तिला विचारले, तिला एकही विचारू दिला नाही. सुट्टी किती, आजारी पडली तर पगार कापणार का, कॅमेरा लावला हे तिला सांगितलं का, आणि ती तुमचं लेकरू सांभाळत होती तेव्हा तिचं लेकरू कुठं होतं, यावर एक ओळ नाही. आणि हो, ऑफिसातल्या पाळणाघराचा नियम तीस नाही, पन्नास कर्मचाऱ्यांचा आहे.”

शेवटचं आधी घेते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने प्रसूतीची भरपगारी रजा 26 आठवड्यांची झाली, आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय सक्तीची झाली. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यावं, हेही त्यातच आहे. कारखान्यांच्या कायद्यातला तीस स्त्री-कामगारांचा जुना आकडा माझ्या डोक्यात बसला होता, तो तसाच उतरला. लेखात दुरुस्ती केली आहे. चूक दाखवली की मी मान्य करते, हे माझे जुने वाचक सांगतील. (आमच्या नागपुरातल्या मिहानकडच्या ऑफिसात पन्नासच्या कितीतरी वर माणसं होती. पाळणाघर मात्र मी विचारलं तेव्हाही ‘प्रक्रियेत’ होतं आणि मी नोकरी सोडली तेव्हाही ‘प्रक्रियेत’च.)

आता कूलर.

हे वाक्य लिहिताना तुम्हाला फार मजा आली असणार. त्याखाली लोकांनी हसून ठेवलंय, माझ्या सख्ख्या आतेभावानेसुद्धा. विनोद जमलाय, नाही म्हणत नाही. पण विनोद करायला दोन मिनिटं लागतात आणि मी जे लिहिलं ते जगायला मला एक अख्खा उन्हाळा लागला होता. टोपणनावावरून कळत नाही, पण ‘ताई’ म्हणून पुढे जे कान उपटलेत त्यावरून तुम्ही पुरुष असावेत असं धरते. तर भाऊ, नागपुरात, मे महिन्यात, सहा महिन्यांचं लेकरू घरी ठेवून तुम्ही कधी ऑफिसला गेलात का? नसाल गेले तर पुढचं सावकाश वाचा.

माझा मुलगा नोव्हेंबर 2018 चा. रजा संपली आणि 13 मे 2019, सोमवारी, मला रुजू व्हायचं होतं. बाई शोधायला नागपुरात मे महिन्याइतका वाईट महिना नाही. लग्नसराई असते, शाळांना सुट्ट्या असतात, म्हणून बाया लेकरं घेऊन गावी जातात. भंडारा-गोंदियाकडच्या ज्या इथे कामाला असतात, त्यांच्याकडे तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. चार पैसे रोख मिळतात, कोण सोडेल? जुलैत त्याच पुन्हा धानाच्या रोवणीला जातात. हे मला आज पाठ आहे, तेव्हा ठाऊक नव्हतं. मी एप्रिलच्या शेवटी शोधायला लागले आणि ज्याला विचारलं तो म्हणे, पाऊस पडला की बघू.

मग कामाला बाया पुरवणाऱ्या एका सेंटरला गेले. नाव घेत नाही. एका महिन्याच्या पगाराएवढं कमिशन आधीच, आणि ‘तीन बदल्या फ्री’. भाऊ, गॅरंटीची भाषा मी नाही आणली, ती त्या काउंटरवर आधीच चालू होती. पहिली बाई चार दिवस आली, पाचव्या दिवशी फोन बंद. दुसरी बालाघाटकडची, चोवीस तासवाली, बोलायला गोड. तिसऱ्या दिवशी बघते तर लेकरू रडलं म्हणून तिने बोट मधात बुडवून त्याच्या तोंडात दिलेलं. तिच्या गावी तशी रीत असेल, तिचा हेतू वाईट नव्हता. पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये हे आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं. मधात बॉट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात, मोठ्यांना काही होत नाही, तान्ह्याच्या आतड्यात ते वाढतात. मी तिला सांगितलं, तर ती म्हणाली, “हमने तो सात बच्चे पाले.” दुसऱ्या दिवशी मी तिला परत पाठवलं, तीन दिवसांचा पगार आणि बसभाडं देऊन. लेखात हे होतं. तुम्ही ते वाचलं असेल, पण टाकीच्या क्षमतेच्या नादात राहून गेलं असेल.

त्यानंतर मी ते पंधरा प्रश्न काढले. एका कागदावर, फ्रिजला चिकटवून. आणि आता हसा, कारण त्यातला सातवा प्रश्न खरंच कूलरचा होता: “कूलरमध्ये पाणी भरायचं आहे, आधी काय करशील?”

नागपूरच्या बाहेरच्या वाचकांना हा प्रश्न येडचाप वाटेल. आपल्याकडचा कूलर म्हणजे लोखंडी पेटी, आत पाण्यात बुडालेला पंप, खाली ओली फरशी. अर्थिंग देवाच्या हातात. दर उन्हाळ्यात शॉक लागून माणसं जातात, पेपरात आतल्या पानावर दोन ओळी येतात. घरात दिवसभर एक बाई आणि एक तान्हं लेकरू, आणि टाकी दुपारी एकदा तरी रिकामी होणारच. एक जण म्हणाली, पाइप लावीन. एक म्हणाली, साहेबांना फोन करीन. जयताळ्याहून आलेली मावशी म्हणाली, “पिन काढीन न आधी. अन् लेकराले कडेवर घेऊन नाही भरणार, त्याले पाळण्यात टाकीन.”

तिथे माझी मुलाखत संपली, भाऊ. पुढचे आठ प्रश्न मी विचारलेच नाहीत. त्यामुळे ‘पंधरा प्रश्न विचारले’ हेही तुमचं चूकच.

ही मावशी मला कोणत्या सेंटरने दिली नाही. आमच्या मालिशवालीची ती भावजय. शहरातल्या कोणत्या घरात कोण कशी आहे हे मालिशवालीइतकं कुणालाच माहीत नसतं, कारण ती पहाटेपासून दहा घरी जाते आणि तिच्यासमोर कुणी सोंग करत नाही. लेखात मी हेच सांगत होते की सेंटरच्या आधी मालिशवालीला विचारा, अंगणवाडीच्या मदतनीस ताईंना विचारा, अपार्टमेंटच्या चौकीदाराच्या बायकोला विचारा. कुणाला उपयोग झाला असता. पण चर्चा झाली कूलरची.

पहिल्या दिवशी ती आली तेव्हा मी दारात उभी राहून बघत होते. हो, बघतच होते, कूलर बघतात तसं म्हणा हवं तर. तिने आधी हातपाय धुतले. मग बांगड्यांत अडकवलेल्या सेफ्टी पिना एकेक करून काढल्या, चार होत्या, आणि पडद्याच्या काठाला ओळीने लावून ठेवल्या. मंगळसूत्र पाठीकडे टाकलं. मग लेकराला उचललं. हे मी तिला सांगितलं नव्हतं. माझ्या यादीत तो प्रश्नच नव्हता. दुपारी तो रडायला लागला, मी धावत दूध गरम करायला निघाले, तर म्हणाली, “ताई, भुकेलं नाही ते, उकडून राहिलं त्याले. पाळणा सरकवा इकडं.” पाळणा कूलरच्या तिरक्या बाजूला घेतला, लेकरू पाच मिनिटांत झोपलं. संध्याकाळी सहाला जाताना पिना मोजून परत बांगडीत.

मी तिला शिकवलंही, बरं का. काढून ठेवलेलं अंगावरचं दूध खोलीत चार तास चालतं असं सगळीकडे लिहिलेलं असतं, ते 25 अंशांच्या खोलीचं गणित आहे. आमच्या स्वयंपाकघरात मेमध्ये ते गणित चालत नाही, बाहेर पारा 45 च्या वर असतो. म्हणून दूध थेट फ्रिजमध्ये, गॅसवर कधीही तापवायचं नाही, कोमट पाण्याच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, बाटली ठेवायची, उरलेलं फेकायचं. फेकायचं म्हटल्यावर तिचा जीव जायचा. “माईचं दूध फेकायचं का बाप्पा?” पण फेकायची.

ती आमच्याकडे दोन वर्षं राहिली. कूलरची गॅरंटी, माझ्या माहितीप्रमाणे, एक वर्षाची असते.

तर हे झालं तुमच्या पहिल्या वाक्याचं. बाकीच्या मुद्द्यांवर थोडक्यात.

सुट्टी. रविवारी मी घरी असायचे, म्हणून रविवारी ती फक्त अर्धा दिवस यायची, दुपारी एकपर्यंत. पोळ्याला सुट्टी, दीक्षाभूमीवर जायला दसऱ्याला सुट्टी, दिवाळीला एका महिन्याचा पगार बोनस. खाडे मी महिन्याला दोन सोडून द्यायचे, तिसऱ्यापासून कापायचे. आमच्या अपार्टमेंटमध्ये एकही सोडत नाहीत, विचारा कुणालाही.

कायदा. महाराष्ट्रात 2008 चा घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा आहे हे मलाही माहीत आहे, तुमच्याआधीपासून. तिच्या नोंदणीसाठी ती आमच्याकडे कामाला असल्याचा कागद मी स्वतः सही करून दिला होता. किती जण देतात?

कॅमेरा. माझं घर, माझं लेकरू. यावर मी वाद घालणार नाही.

तिचं लेकरू कुठं होतं, हा प्रश्न तुम्ही शेवटी ठेवलात, म्हणजे तो झोंबावा म्हणूनच ठेवलात. माझा लेख बाई कशी शोधावी यावर होता, कोणाच्या घरी काय चालतं यावर नव्हता. तरी विचारलंच आहे तर सांगते. मावशीचा मोठा मुलगा त्याच्या आजीकडे. धाकटी दहा वर्षांची, शाळा सुटली की आमच्याकडेच यायची. मी कधी नको म्हटलं नाही. गॅलरीत बसून अभ्यास करायची, तिला मी दुधाचा कप द्यायचे, माझ्या भाचीचे जुने फ्रॉक दिले. सुट्ट्यांत तर दिवसभर असायची. मावशी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली की पाळण्याची दोरी तीच ओढायची. मी तिला कधीही काम सांगितलं नाही, आपणहून करायची. पाळणा हलवता हलवता पाढे म्हणायची, माझ्या मुलाला एकोणीसचा पाढा ऐकल्याशिवाय झोप यायची नाही. आता याला काय म्हणायचं ते तुम्ही म्हणा. आम्ही याला घरातलं माणूस म्हणतो.

आणि माझ्याबद्दल म्हणाल तर ‘बाई’ हा शब्द मी काही पुस्तकात वाचून आले नाही. माझी आजी नागपूरच्या महाल भागात दोन घरी स्वयंपाकाला जायची. माझ्या आईला तिने त्याच पैशांवर शिकवलं. तेव्हा दुसऱ्याच्या घरचं काम काय असतं, हे मला तुमच्याकडून शिकायची गरज नाही. स्पष्ट बोलायचा मक्ता एकट्या तुमचा आहे का? टोपणनावाआडून बोलणाऱ्याने तर हे नाव घेऊच नये.

जाऊ द्या. डोकं थंड आहे म्हटलं होतं, राहिलं नाही. तुमचं वय काय, तुम्हाला मुलं किती, मला माहीत नाही, आणि असं टोचून बोलायला नको होतं. पण सुरुवात तुम्ही केली.

एक शेवटचं. हे लिहिण्याआधी काल मी मावशीला फोन केला. आता ती जयताळ्यातच एका डॉक्टरीणबाईंकडे जाते. म्हटलं, तीच सांगेल तुम्हाला, मी तिला कशी वागवली. तिला तुमचं कूलरचं वाक्य वाचून दाखवलं. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग इतकी हसली, इतकी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली, “बरोबर लिवलं न ताई त्यानं. पिन काढा, मंग पाणी भरा.” ती भोळी आहे, तिला यातला टोमणा कळला नसावा.

“अजून काय लिवलं त्यानं?” तिने विचारलं.

मी म्हटलं, बस, एवढंच.