भैय्या चौकातलं घरही बघा

प्रसिद्ध माणसाची नुसती झलक मिळावी म्हणून लोक तासन्‌तास उभे राहतात, हे एका लेखात वाचलेलं निरीक्षण सोलापूरलाही तंतोतंत लागू पडतं. मागे एका शोरूमच्या उद्घाटनाला अभिनेत्री आली, तर बायका भर उन्हात लेकरं कडेवर घेऊन, मोबाईल उंच धरून ताटकळत होत्या. त्यांचा राग येत नाही, हौसेला मोल नसतं. वाईट वेगळ्याच गोष्टीचं वाटतं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच गावचे. १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले, युद्धात जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि १९४२ मध्ये, अवघ्या ३२व्या वर्षी तिथेच वारले. भैय्या चौकातल्या त्यांच्या घरातलं स्मारक आपल्यापैकी किती जणांनी आत जाऊन पाहिलंय? शाळांनी तरी पोरांना एकदा तिथे न्यावं, अगदी मनापासून सांगतो.