खुलासा : बेदुईन बायकांचं ‘सदू’ विणकाम संपलेलं नाही

आखातातल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘बेदुईन बायकांचं सदू विणकाम युनेस्कोने २०११ साली नामशेष जाहीर केलं. आता उरली ती फक्त डिझायनर लोकांची नक्कल.’ हे खरं नाही. (सदू म्हणजे अरब वाळवंटातल्या भटक्या बेदुईन जमातींच्या बायकांचं पारंपरिक हातविणकाम.)

२०११ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतलं सदू युनेस्कोच्या यादीत आलं, एवढं बरोबर. पण ती यादी तातडीने जपायला हव्या अशा जिवंत वारशाची आहे. पुढे २०२० मध्ये सौदी अरेबिया आणि कुवेतचं सदू युनेस्कोच्याच दुसऱ्या, जिवंत वारशाच्या प्रातिनिधिक यादीत आलं. दोन्ही नोंदी युनेस्कोच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात.

आता नकलेचं. कुवेतच्या ‘सदू हाऊस’ या संस्थेत हे विणकाम शिकवलं जातं, आणि नव्या पिढीचे कलाकार त्यातूनच स्वतःचं काम उभं करतात. छापील सदू नक्षीच्या उशा बाजारात मिळतात, हे मान्य. पण फरक हाताला कळतो. जमिनीवर ताणलेल्या मागावर नक्षी उभ्या धाग्यांतून उमटते, आडवा धागा जवळपास दिसतच नाही. मधल्या ‘शजरा’ पट्ट्यात कोणता धागा वर आणायचा, हे बाई दर ओळीला बोटांनी निवडते. उरलेले धागे मागच्या बाजूला सुटे राहतात. कापड उलटून बघा, लगेच दिसतील. एवढ्या कसबाला सरसकट नक्कल म्हणणं अन्यायाचं आहे.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासाही टाका.