पिशवीवर मळ्याचे नाव का नाही?

आज सकाळी घोडबंदर रस्त्यावरच्या एका कॅफेत १८० रुपयांचा एस्प्रेसो घेतला. फळ्यावर ठळक अक्षरांत ‘सिंगल इस्टेट, शाश्वत शेती’ असे लिहिले होते, म्हणजे कॉफी एकाच मळ्यातली, म्हणून काउंटरवरच्या मुलाला विचारले, “दादा, मळा कोणता?” तो म्हणाला, “चिकमगळूर, सर.” चिकमगळूर हा अख्खा जिल्हा आहे. तेवढ्यात मालक आतून म्हणाले, “चव बघा ना, नावाचं काय करायचंय?” तेव्हापासून डोके ठणकते आहे.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत आम्ही त्याच जिल्ह्यातल्या मुडिगेरेजवळच्या एका कॉफीच्या मळ्यावर राहिलो होतो. हौसेने मीही तासभर फळे तोडली. संध्याकाळी वजनाच्या आधी तिथल्या वयस्कर अक्कांनी माझी टोपली ताडपत्रीवर उपडी केली आणि एक शब्दही न बोलता हिरवी, अर्धकच्ची फळे वेगळी काढली. चिकट रसाने त्यांची बोटे काळी पडली होती. एका झुडपावरची फळे एकदम पिकत नाहीत, त्यामुळे त्याच फांदीकडे तीन-चारदा परत यावे लागते, हे मला त्या ताडपत्रीपाशी बसून समजले. एस्प्रेसोत दुधाची आड नसते; १८ ग्रॅम पुडीतून नऊ बार दाबाने, २५-३० सेकंदांत जे उतरते त्यात कच्च्या फळाचा तुरटपणा लपत नाही. म्हणजे आपण जी चव घेतो ती त्या बोटांनी निवडलेली असते, आणि तरी नावाचे काय करायचे?

१९४२च्या कॉफी कायद्यानंतर अनेक दशके मळेवाल्यांना आपला माल सरकारी कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात घालावा लागे, तिथे सगळ्यांचा माल एक होई. ती सक्ती १९९६ मध्ये पूर्णपणे उठली, तेव्हा कुठे मळ्याला स्वतःच्या नावाने माल विकता येऊ लागला. इतक्या उशिरा मिळालेले नाव तुम्ही फळ्यावरच्या दोन शब्दांत पुसून टाकता? सिल्व्हर ओक आणि फणसाची सावली राखणारा, त्या झाडांवर मिरीचे वेल चढवणारा, सावलीमुळे खोडकिडा कमी लागतो म्हणून ती झाडे न तोडणारा माणूस कोण, हे सांगायचे नसेल तर ‘शाश्वत’ हा शब्द वापरू नका.

ठाण्यातली भाडी पाहता १८० रुपये मालकाला परवडत नसतील, हे मान्य. घरची चिकोरीवाली फिल्टर कॉफीही सुखाची असते, तेही मान्य.

त्या मुलावर मात्र माझा राग नाही. मी निघताना तो आतून पिशवी घेऊन आला, उलटसुलट करून पाहिली, आणि “सर, फक्त भाजल्याची तारीख आहे,” असे खाली मान घालून म्हणाला. त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

घरी येऊन मुडिगेरेहून आणलेली रिकामी पिशवी शोधून काढली. मळ्याचे नाव, तोडणीचा महिना, सारे काही तिच्यावर आहे. अक्कांचे नाव तिच्यावरही नाही, आणि तेव्हा मीही ते विचारले नव्हते. उद्या ती पिशवी त्या मुलाला दाखवायला घेऊन जाणार आहे.